डावी नाकपुडी आणि लांबलेला सुळा: एका म्हाताऱ्या भाटीचे प्रकरण

देशी भाटी (मादी मांजर), वय १३ वर्षे, नसबंदी झालेली, फ्लॅटच्या बाहेर न जाणारी. वजन ३.४ किलो, वर्षापूर्वी लसीच्या वेळी ४.१ किलो होते. तक्रार एकच: गेले आठ महिने डावी नाकपुडी वाहते आहे आणि औषध थांबले की पुन्हा वाहू लागते.

हे प्रकरण कोणा एका घरच्या मांजराचे नाही. म्हाताऱ्या मांजरांत पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या खुणा, चुका आणि उपाय एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे. यातले औषधांचे डोस पशुवैद्यांसाठी आहेत. घरी वाचणाऱ्यांनी त्यावरून औषध द्यायला जाऊ नये. का, ते पुढे येईलच.

आठ महिन्यांत काय काय झाले

सुरुवातीला स्राव पाण्यासारखा होता. दोन महिन्यांत तो घट्ट, पिवळा झाला आणि अलीकडे त्यात मधूनच रक्ताची बारीक तार दिसू लागली. शिंका एकेक येत नाहीत, पाच-सहाची लड लागते. श्वासाला घाण वास आहे. कोरडे दाणे हुंगून ती मागे फिरते, ओल्या खाण्यातला रस चाटते आणि तुकडे ठेवते. चावताना मान उजवीकडे कलते.

एक गोष्ट घरच्यांनी आपणहून सांगितली नाही, विचारल्यावर आठवली: पाणी प्यायल्यावर शिंका जास्त येतात. हा प्रश्न प्रत्येक वाहत्या नाकाच्या म्हाताऱ्या मांजराला लावावा. विषाणूने खराब झालेले नाक दिवसभरात कधीही शिंकते. खाल्ल्या-प्यायल्याबरोबर ठरून शिंका येत असतील, तर तोंडातले काहीतरी नाकात जात असण्याची शंका घ्यायला हवी.

या काळात प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले होते. आधी ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ७ दिवस, मग डॉक्सिसायक्लिन १० दिवस, शेवटी ॲझिथ्रोमायसिन ५ दिवस. दर वेळी चौथ्या दिवशी नाक कोरडे, आणि गोळ्या संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. त्यामुळे घरच्यांचा समज झाला की औषध बरोबर आहे, फक्त कमी दिवस दिले गेले. या दुखण्यातली सगळ्यात मोठी फसगत हीच आहे. टाळूत भोक असेल तर अन्नाचे कण, लाळ आणि जंतू नाकात जात राहतात. प्रतिजैविकाने जंतू कमी होतात, पू पातळ होतो आणि नाक सुकते. भोक होते तिथेच राहते. म्हणजे औषधाने आलेला फरक खरा असतो, पण त्यावरून निदान पक्के होत नाही.

घरात आणखी एक तर्क होता: 'मांदेलीचा काटा अडकला असेल.' काटा किंवा गवताची काडी नाकात अडकली तर सुरुवात धडाक्यात होते. पहिल्याच दिवशी शिंकांचा भडिमार, पंज्याने नाक घासणे, अस्वस्थपणा. आठ महिने हळूहळू चढत जाणारे दुखणे काट्याचे सहसा नसते.

पिल्लूपणी हिचे डोळे चिकटलेले होते आणि दोन्ही नाकपुड्या वाहत होत्या, हेही नोंदले. मांजरांच्या हर्पिस विषाणूची ती नेहमीची कहाणी. या विषाणूने नाकातल्या नाजूक, कागदासारख्या हाडांच्या गुंडाळ्या झिजतात आणि त्या पूर्ववत होत नाहीत. उपचारांनंतर काय अपेक्षा ठेवायची हे ठरवताना ही जुनी नोंद उपयोगी पडली.

जागेपणीची तपासणी

थंड काच दोन्ही नाकपुड्यांसमोर धरली. उजवीकडे वाफेचा नेहमीचा ठसा उमटला, डावीकडे त्याच्या निम्मा. श्वास अजिबात जात नसता तर आत गाठ वाढल्याची शंका जास्त धरावी लागली असती. चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा, नाकाचे हाड दाबल्यावर दुखत नाही, बंद पापण्यांवरून डोळे हलके आत दाबले तर दोन्ही सारखेच मागे सरकतात. जबड्याखालची लसिकाग्रंथी डावीकडे थोडी मोठी.

मग ओठ उचलला. दातांना तीन आकडी क्रमांक देण्याची पद्धत आहे: वरची उजवी बाजू १००, वरची डावी २००, खालची डावी ३००, खालची उजवी ४००, आणि सुळ्याचा शेवटचा आकडा नेहमी ४. डावा वरचा सुळा, म्हणजे २०४, उजव्यापेक्षा जवळजवळ अडीच मिलिमीटर लांब दिसत होता. त्याच्या मुळावरची हिरडी फुगीर, कडेला गडद लाल रेघ. सुळ्यावर किटण जवळपास नव्हते. मागची मोठी दाढ २०८ किटणाने माखलेली होती, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर तिच्यावरच जाते आणि पांढराशुभ्र सुळा सुटतो.

म्हाताऱ्या मांजराचा सुळा लांब दिसला तर तो वाढलेला नसतो. तो खोबणीतून खाली सरकत असतो आणि भोवतीचे हाड जाड होऊन फुगते. घरची मंडळी कौतुकाने 'वाघासारखा सुळा' म्हणतात. एक्स-रेमध्ये दाताचा आधार सुटत चाललेला दिसतो.

खाली डावीकडे ३०७ या सर्वांत पुढच्या उपदाढेच्या मानेवर हिरडीचा लाल मऊ तुकडा चढलेला होता. कापसाच्या काडीने तिथे हलकेच टेकवल्याबरोबर जबडा थरथरला. दात विरघळण्याची ती खूण. उजवीकडे ४०७ च्या जागी नुसता उंचवटा होता. जागेपणी एवढेच. याहून पुढे तोंडात हात घातला तर मांजराला दुखते, माणसाला चावा बसतो आणि माहिती मिळत नाही.

यादी कशी लावली

म्हातारे मांजर, एकाच बाजूचा स्राव, त्यात रक्त. या तीन गोष्टींवर पहिले नाव गाठीचे घ्यावे लागते. मांजरांच्या नाकात लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) सर्वांत जास्त, त्यानंतर कार्सिनोमा (अस्तराच्या पेशींचा कर्करोग). दुसरे नाव बुरशीचे, त्यातही क्रिप्टोकॉकसचे. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. आपल्याकडच्या बाल्कन्यांची अवस्था पाहता घराबाहेर न जाणारे मांजरही त्यातून सुटलेले धरता येत नाही. तिसरे नाव दातांचे. विषाणूनंतरचा जुना नासिकादाह बहुधा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून तो यादीत खाली. घशामागचे पॉलिप तरुण मांजरांत जास्त.

नाकाच्या स्रावाची काचपट्टी रंगवून पाहिली. पूपेशी आणि मिश्र जंतू होते; जाड आवरणाच्या, कळी फुटलेल्या यीस्टपेशी नव्हत्या. रक्तातली क्रिप्टोकॉकस प्रतिजन चाचणी नकारात्मक आली. स्राव कल्चरला पाठवला नाही. निरोगी नाकातही जंतू असतात, त्यामुळे अहवालात काहीतरी उगवलेले येते आणि चौथ्या प्रतिजैविकाला निमित्त मिळते.

भुलेआधीच्या तपासण्यांत हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) ३१ टक्के, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा निर्देशक) २.१ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर, लघवीची घनता १.०१८, लघवीत प्रथिन नाही, थायरॉइड नॉर्मल, रक्तदाब वरचा १५५, एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरांतल्या दोन विषाणूंच्या चाचण्या नकारात्मक. क्रिएटिनिन १.६ ते २.८ च्या दरम्यान म्हणजे मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराची दुसरी पायरी. यावरून भूल नाकारण्याची सवय आहे, आणि ती चुकीची आहे. दुसऱ्या पायरीवरचे स्थिर मांजर नीट भूल सहन करते. आठ महिने अर्धपोटी राहून, पू गिळत १७ टक्के वजन घालवणे त्याला जास्त महाग पडते. बदल करायचे ते औषधांत, सलाईनमध्ये आणि रक्तदाबावरच्या लक्षात.

भूल

घरून निघण्याआधी दोन तास गॅबापेंटिन (मांजराला शांत करणारे औषध) ५० मि.ग्रॅ. खाण्यात मिसळून. एरवी मांजराला १०० देतात; मूत्रपिंडामुळे निम्मे. खाणे फक्त ५ तास बंद, पाणी शेवटपर्यंत चालू. रात्रभर उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत अशा मांजराला कोरडे पाडते.

वेदनाशामक ब्युप्रेनॉर्फिन ०.०२ मि.ग्रॅ. प्रति किलो स्नायूत. भुलेसाठी प्रोपोफॉल हळूहळू, लागेल तेवढेच. स्वरयंत्रावर २ टक्के लिग्नोकेनचा ०.१ मि.लि. टाकून एक मिनिट थांबून मग ४ नंबरची नळी श्वासनलिकेत घातली. नळीचा फुगा भरताना थोडी हवा भरायची, श्वासाची गळती ऐकायची, गळती थांबली की थांबायचे. मांजर कुशीवर वळवताना नळी दर वेळी यंत्रापासून सोडायची. जोडलेल्या नळीला पीळ बसून मांजरांची श्वासनलिका फाटते, आणि दातांच्या कामात वळवावे लागतेच. भुलेचा वायू आयसोफ्लुरेन, सलाईन तासाला ३ मि.लि. प्रति किलो, म्हणजे इथे साधारण १० मि.लि. गरम हवेचे पांघरूण पहिल्या मिनिटापासून. तापमान एकदा घसरले की ते वर आणायला वेळ जातो.

जबडा उघडा ठेवायला स्प्रिंगचा ताणक मुळीच वापरू नये. मांजराचा जबडा पूर्ण ताणला की मेंदूला आणि डोळ्यांना रक्त देणारी धमनी जबड्याच्या मागच्या टोकापाशी दाबली जाते. काम उत्तम होते आणि मांजर आंधळे होऊन उठू शकते. सुईच्या टोपणाचा २० ते ३० मि.मी.चा तुकडा कापून सुळ्यांमध्ये बसवला की पुरतो, आणि तोही लागेल तेवढाच वेळ. घशात दोरा बांधलेले गॉज. गॉज घातल्याबरोबर फळ्यावर 'घशात १' असे लिहायचे आणि नळी काढण्याआधी ते पुसायचे.

जागा बधिर करण्यासाठी ०.५ टक्के ब्युपिव्हकेन. मर्यादा १ मि.ग्रॅ. प्रति किलो धरली तर ३.४ किलोला ३.४ मि.ग्रॅ., म्हणजे सगळे मिळून ०.६८ मि.लि. चार जागांना प्रत्येकी ०.१५ मि.लि. दिले, एकूण ०.६. मांजराच्या डोळ्याखालचे नसेचे बोगदे जेमतेम काही मिलिमीटरांचे असतात आणि लगेच पलीकडे डोळा. कुत्र्याची सवय असलेला हात सुई आत सारतो. मांजरात ती तोंडाशीच थांबवायची, ओढून रक्त येत नाही ना पाहायचे, औषध सोडायचे आणि बोटाने मिनिटभर दाबून धरायचे.

आधी चित्रे, मग नाक, मग दात

हा क्रम उलटा केला की फसतो. आधी नाक धुतले किंवा प्रोब (हिरडीची फट मोजायची बारीक सळई) घातला तर रक्त साचते आणि एक्स-रेत ते गाठीसारखे दिसते. सीटी स्कॅन हाताशी असेल तर अशा प्रकरणात तेच पहिले. इथे खर्च दातांच्या कामाला राखायचा होता, म्हणून तोंडात फिल्म ठेवून नाकाचा आणि सगळ्या दातांचा एक्स-रे काढला. डाव्या नाकाचा पुढचा तिसरा हिस्सा धूसर होता आणि तिथल्या बारीक रेषा पुसलेल्या. मधला पडदा सरळ, हाड कुठे खाल्लेले नाही.

टाळूचा मऊ भाग हुकने पुढे ओढून दंतवैद्याच्या आरशात घशामागची पोकळी पाहिली. मोकळी होती. मग डाव्या नाकातून तीन लहान तुकडे बायोप्सीला घेतले. चिमट्यावर नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून पट्टी चिकटवली. पट्टीच्या पलीकडे चिमटा जाता कामा नये, कारण त्यामागे मेंदू आहे. अहवाल आठ दिवसांनी आला: जुना दाह, पूपेशी, गाठीच्या पेशी नाहीत. वरवरच्या तुकड्यात खोलवरची गाठ निसटू शकते, म्हणून या अहवालावर विसंबून फाइल बंद केली नाही. सहा ते आठ आठवड्यांनी एका बाजूचा स्राव टिकलाच तर सीटी, असे तेव्हाच लिहून ठेवले.

आता प्रोब. मांजराच्या हिरडीची फट नॉर्मल असताना अर्धा, फार तर एक मिलिमीटर. २०४ च्या ओठाकडच्या बाजूला २ मि.मी. लागले. टाळूकडच्या बाजूने प्रोब दाताला चिकटून खाली सरकवला तर तो ३ वर थांबला नाही, ५ वर नाही. ९ वर गेला. त्याच क्षणी डाव्या नाकपुडीच्या कडेला रक्ताचा एक थेंब आला. त्या फटीत बोथट सुईने कोमट सलाईनचे काही थेंब सोडले, ते नाकातून बाहेर पडले. निदान झाले.

या बाजूने प्रोब घालायचे अनेकदा राहून जाते, कारण मांजर कुशीवर असते आणि ओठाकडची बाजू समोर असते. मांजराच्या वरच्या सुळ्याचे मूळ बाहेर दिसणाऱ्या भागापेक्षा बरेच लांब असते, वाकून मागे जाते, आणि ते व नाकाची पोकळी यांच्यामध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो. टाळूकडून हिरडीचा रोग मुळाशेजारून उतरत गेला की हा पापुद्रा विरतो. दात जागेवर असतो, त्यामुळे भोक झाकलेले राहते. दात पडल्यावर किंवा काढल्यावरच ते उघडे दिसते, आणि मग दोष दात काढणाऱ्यावर येतो.

एक्स-रेवर बाकीचे निकाल असे: २०८ च्या तीन मुळांभोवतीचे चाळीस टक्के हाड गेलेले, मुळांच्या दुभागातून प्रोब आत शिरतो. ३०७ चा मानेजवळचा भाग विरघळलेला, पण मुळांभोवतीची काळी रेघ स्पष्ट. ४०७ ची मुळे दिसतच नाहीत, हाडात मिसळून गेली आहेत. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन दातांचा उपचार वेगळा. मुळाची रेघ शाबूत असेल तर दात मुळासकट काढावाच लागतो. मूळ हाड होऊन गेले असेल तर ते खणायला जाऊ नये, वरचा अवशेष घासून हिरडी शिवावी. एक्स-रेशिवाय हा फरक कळत नाही. मुळांचे तुकडे आत राहून वर्षानुवर्षे दुखणारी मांजरे येतात ती यातूनच. दिसेल तो दात वरून कापून टाकणे हाही त्याच चुकीचा दुसरा प्रकार.

उजवा सुळा १०४ थोडा खाली सरकलेला, पण टाळूकडे २ मि.मी.च. तो ठेवला. 'एकदाच भूल आहे तर दोन्ही काढा' हा मोह मोठा असतो. १०४ ला अजून आधार होता, आणि आधीच ९५ मिनिटांचे काम समोर होते.

सुळा काढणे आणि भोक बुजवणे

२०४ च्या पुढे आणि मागे असे दोन उभे छेद, हिरडीच्या पलीकडे मऊ अस्तरात आठ-दहा मिलिमीटर चढवलेले, तळाशी रुंद. मागचा छेद तिसऱ्या उपदाढेच्या वर जाऊ देऊ नये; तिथून नस आणि रक्तवाहिनी बाहेर पडतात. छेदांमधला हिरडीचा पडदा उचलला, ओठाकडच्या हाडाचा मुळावरचा निम्मा भाग लहान गोल बरने काढला. दोन मिलिमीटरचे लक्सेटर (दात सैल करायचे पातळ पात्याचे हत्यार) फटीत घालून हळू फिरवायचे आणि १० ते १५ सेकंद तसेच धरून ठेवायचे. घाईने झटके दिले तर मूळ मोडते. सुळ्याचे टोक बाहेर ओढून तरफ केली तर मूळ उलट आत, थेट नाकात शिरते. आतला पापुद्रा गेलेला असल्याने इथे हा धोका दुप्पट होता.

मूळ अखंड आले. खोबणीची आतली भिंत सुमारे ४ बाय ६ मि.मी. नव्हतीच, नाकाचे गुलाबी अस्तर समोर दिसत होते. मांसल कोंब खरवडून काढले, भोकाच्या कडेवर चढलेले नाकाचे अस्तर कापून ताजी कड केली. ते अस्तर राहिले तर वरून कितीही छान शिवा, भोक भरत नाही. डोके खाली करून कोमट सलाईनने हलके धुतले. उघड्या खोबणीत हवेचा फवारा मारायचा नाही. खोबणीत स्पंज किंवा हाडाची पूडही भरायची नाही. ती नाकात उतरते आणि शिंकांना नवे कारण मिळते.

भोक टिकणार की उघडणार हे पडद्याच्या ताणावर ठरते. पडद्याच्या आतल्या बाजूचे पांढरे, न ताणणारे आवरण तळाशी आडवे कापले की पडदा एकदम सैल होतो. कसोटी सोपी आहे: पडदा टाळूच्या कडेवर आणून ठेवायचा आणि चिमटा सोडायचा. तो मागे सरकला तर अजून सैल करायचा, टाके घट्ट ओढायचे नाहीत. टाळूची कड दोन मिलिमीटर सोडवून घेतली, म्हणजे शिवण भोकावर न येता हाडावर येते. ५-० पोलिग्लेकॅप्रोन (आपोआप विरघळणारा धागा), सुटे टाके, दोन मिलिमीटर अंतरावर.

२०८ तीन तुकड्यांत कापून, ३०७ दोन तुकड्यांत कापून काढला, ४०७ घासून शिवला, काढलेल्या जागांचे पुन्हा एक्स-रे. शेवटचे तापमान ३६.४ अंश सेल्सिअस. फळ्यावरचे 'घशात १' पुसून नळी काढली.

नंतरचे दिवस

ब्युप्रेनॉर्फिन ओठाच्या आत, ८ तासांनी, तीन दिवस. मेलोक्सिकॅम हे सूज-वेदना कमी करणारे औषध त्या दिवशी दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती खाऊ लागली आणि रक्तदाब ठीक होता, तेव्हा ०.०२ मि.ग्रॅ. प्रति किलो, दिवसातून एकदा, चार दिवस. इथे बाटलीवरचा आकडा वाचणे फार महत्त्वाचे. अर्ध्या मिलिग्रॅमची आणि दीड मिलिग्रॅमची अशी द्रावणे मिळतात, आणि 'तेवढेच मि.लि.' दिल्याने तिप्पट डोस जातो. घरातली माणसांची ७.५ ची गोळी तर मांजराच्या मूत्रपिंडाला विषच. पॅरासिटामॉलबद्दल दोन मते नाहीत: मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते. कळवळून दिलेल्या 'अर्ध्या क्रोसिन'ने मेलेली मांजरे दर पशुवैद्याला आठवतात.

प्रतिजैविक या वेळीही दिले, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड ७ दिवस. औषध पहिल्या कोर्सचेच, पण आता भोक बुजलेले होते. (आधीच्या डॉक्सिसायक्लिनबद्दल एक सूचना: ही गोळी मांजराला कोरडी कधी देऊ नये. ती अन्ननलिकेत अडकून जखम करते आणि नळी आवळते. मागोमाग सिरिंजने पाच-सहा मि.लि. पाणी पाजावे.)

तिसऱ्या दिवशी तिने खाणे सोडले. घरून फोन आला की टाके दुखत असतील. तपासल्यावर तोंड ठीक, नाक रक्ताच्या खपल्यांनी बंद. मांजराला वास आला नाही की ताटात काहीही ठेवा, ते जेवण नसतेच. कोमट ओल्या कापसाने नाकपुड्या पुसल्या, साध्या सलाईनचे एक-दोन थेंब, दिवसातून दोनदा १०-१५ मिनिटे सलाईनची नेब्युलायझरची वाफ. वाफेत निलगिरी, कापूर, व्हिक्स काही घालायचे नाही. मांजराचे यकृत ही तेले पचवत नाही. माणसांचे नाक मोकळे करणारे थेंबही नकोत. भूक वाढवायला मिर्टाझापिनच्या १५ मि.ग्रॅ. गोळीचा आठवा भाग, ४८ तासांनी एकदा. उकडलेली कोंबडी मिक्सरमधून काढून त्याच पाण्यात पातळ केली, शरीराइतकी कोमट करून वाढली. मीठ, कांदा, लसूण नाही. संध्याकाळी बशी चाटून झाली. विश्रांतीतली तिची गरज दिवसाला सुमारे १७५ कॅलरी. दोन-तीन दिवस नुसते पाण्यावर राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते, म्हणून 'खाईल हळूहळू' म्हणत वाट पाहायची नाही. त्या दिवशी जमले नसते तर अन्ननलिकेत नळी टाकायचे ठरले होते.

दहाव्या दिवशी शिवणीच्या पुढच्या कोपऱ्यातला एक टाका सुटलेला, दीड मिलिमीटरची फट. कारण उघड होते: नेमक्या त्याच टाक्याखाली हाड कमी पडले होते. लगेच पुन्हा शिवायचा मोह आवरला. सुजलेल्या, ठिसूळ हिरडीत टाका धरत नाही आणि फट मोठी होते. उघडलेच तर चार ते सहा आठवडे थांबून, ऊती घट्ट झाल्यावर नवा पडदा घ्यायचा. इथे गरज पडली नाही, एकविसाव्या दिवशी फट आपोआप बुजली.

त्याच भेटीत नवी गोष्ट दिसली. वरचा सुळा गेल्याने डावा ओठ आत पडला होता आणि खालचा सुळा ३०४ त्याला आतून टोचत होता. दोन मिलिमीटरचा गुलाबी ठसा. जखम झाली तर खालच्या सुळ्याचे टोक मिलिमीटरभराहून कमी बोथट करून त्यावर सील लावतात. जास्त घासले तर दाताची नस उघडी पडते. सहा आठवड्यांत ओठ सवयीने सरकला आणि ठसा गेला. सुळा काढायच्या आधीच घरच्यांना हे सांगून ठेवावे. नाहीतर नवा फोड दिसल्यावर त्यांना शस्त्रक्रिया बिघडल्यासारखे वाटते.

आठव्या आठवड्यात आणि त्यानंतर

वजन ३.७ किलो. पिवळा स्राव बंद, रक्त नाही, पाणी प्यायल्यावर शिंका नाहीत. काचेवर दोन्ही ठसे जवळपास सारखे. सीटीची गरज उरली नाही. क्रिएटिनिन २.२, रक्तदाब १५०.

सकाळी मात्र दोन-तीन शिंका येतात आणि दोन्ही नाकपुड्यांतून स्वच्छ पाणी येते. घरच्यांना हे अपयश वाटले. ते पिल्लूपणच्या विषाणूचे उरलेले देणे आहे. झिजलेल्या गुंडाळ्यांमध्ये श्लेष्मा अडकणारच. स्राव पुन्हा पिवळा, एका बाजूचा किंवा रक्ताचा झाला तर तपासायचे. स्वच्छ आणि दोन्ही बाजूंचा असेल तर कोमट कापूस आणि अधूनमधून सलाईनची वाफ पुरे. त्यासाठी प्रतिजैविक नाही. लायसिनच्या पावडरीने हर्पिस आटोक्यात राहतो याला पुरावा नाही, तीही बंद केली.

खाण्याचा मूत्रपिंडाचा बदल आता, दोन आठवड्यांत थोडा थोडा मिसळून. दात घासणे बोटावर सुती कापड गुंडाळून, ओठाकडच्या बाजूनेच, मांजर देईल तेवढे. भूल न देता किटण काढून देण्याची जाहिरात दिसली तर नको म्हणायचे: वरचे किटण निघते, टाळूकडची फट तशीच राहते, आणि पांढरा दात बघून पुढची दोन वर्षे कोणी ओठ उचलत नाही.

१०४ साठी घरच्यांना एक काम दिले आहे. महिन्यातून एकदा, खिडकीजवळच्या त्याच उजेडात, ओठ अंगठ्याने उचलून मोबाइलवर बाजूने फोटो, शेजारी लहान पट्टी धरून. पहिल्या पाच फोटोंत सुळा जागेवर होता. सहाव्यात तो अर्ध्या मिलिमीटरने खाली आलेला दिसतो. टाळूकडचा प्रोब आणि एक्स-रेची तारीख घेतली आहे, रक्ततपासणी त्याआधीच्या आठवड्यात.